दोराच्या वरच्या टोकाला

इमारतीच्या भिंतीवर आडवी होऊन नाचणाऱ्या नर्तिकेकडे सारा चौक मान वर करून बघत असतो. तिचा दोर ज्यांच्या भरवशावर आहे, ती माणसं मात्र गच्चीवर, कुणालाही न दिसणारी. हवेतल्या नृत्याची सगळी गंमत आणि सगळी जोखीम या दोन टोकांमध्ये आहे.

अशी कल्पना करा, की भर चौकात तुम्ही उभे आहात. समोर वीस-पंचवीस मजली इमारत. गच्चीच्या कठड्यावर एक तरुणी येते, सावकाश बाहेर झुकते, आणखी झुकते आणि पडत नाही! तिचे तळवे भिंतीला टेकलेले आहेत, अंग जमिनीला समांतर आहे. आपल्या पायाखाली जशी जमीन, तशी तिच्या पायाखाली भिंत. मग ती पायाने भिंतीला हलकासा रेटा देते आणि दूर हवेत जाते, गिरकी घेते, क्षणभर तिथेच थांबल्यासारखी वाटते आणि अलगद भिंतीवर परत येते. चंद्रावर चालणाऱ्या अंतराळवीरांची जुनी चित्रफीत ज्यांनी पाहिली असेल, त्यांना ती संथ, वजन हरवलेली चाल आठवेल.

या प्रकाराला 'व्हर्टिकल डान्स', म्हणजे उभ्या भिंतीवरचं नृत्य म्हणतात. हवेतल्या नृत्याच्या कुळातलंच हे एक घराणं. त्यातलं जगभर नाव झालेलं पथक म्हणजे अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या ओकलंड शहराचं 'बँडलूप'. अमेलिया रुडॉल्फ यांनी ते १९९१ साली सुरू केलं. रुडॉल्फ स्वतः नर्तिका आणि गिर्यारोहकही. सिएरा नेवाडा पर्वतातले कडे चढता चढता त्यांच्या मनात आलं, की इथेच नाच बसवला तर? विचार वेडगळ वाटतो खरा. पण तीस वर्षांहून अधिक काळ हे पथक कड्यांवर, पुलांवर, गगनचुंबी इमारतींवर नाचत आलं आहे. २०२० मध्ये रुडॉल्फ यांच्यानंतर पथकाच्या कलाविभागाची सूत्रं मेलेसिओ एस्ट्रेला यांच्याकडे गेली. पॉप संगीताच्या चाहत्यांनी हे पथक नकळत पाहिलेलंही असेल. २०१७ च्या 'अमेरिकन म्युझिक अवॉर्ड्‌स' सोहळ्यात पिंक ही गायिका लॉस एंजेलिसमधल्या एका उंच हॉटेलच्या बाहेरच्या भिंतीवर लटकून गायली होती, तेव्हा तिच्यासोबत भिंतीवर नाचणारे कलावंत बँडलूपचे होते. दुसऱ्या दिवशी बातम्यांत नाव आलं ते अर्थातच पिंकचं.

बायकोची कल्पना, नवऱ्याचे पाय

या वेडाचं मूळ शोधत मागे गेलं, की आपण १९७० सालच्या न्यू यॉर्कमध्ये पोचतो. ट्रिशा ब्राऊन या नृत्यदिग्दर्शिकेने त्या वर्षी एक रचना केली. तिचं नावच 'इमारतीच्या भिंतीवरून चालत उतरणारा माणूस' अशा अर्थाचं. वूस्टर स्ट्रीटवरच्या ८० क्रमांकाच्या सात मजली इमारतीच्या गच्चीवरून एक माणूस गिर्यारोहकांचा पट्टा बांधून, रस्त्यावर चालावं तसा, भिंतीवरून चालत खाली आला. ना संगीत, ना पोशाख, ना गिरकी. नुसतं चालणं. तो माणूस होता जोसेफ श्लिक्टर, ब्राऊनबाईंचा त्या वेळचा नवरा. (बायकोच्या सांगण्यावरून नवऱ्याने इतकं केल्याचं उदाहरण आमच्या तरी पाहण्यात नाही.)

विनोद बाजूला ठेवू. त्या दिवशी चाललेला एकच माणूस होता, पण त्याला वरून हळूहळू सोडणारे हात वेगळ्यांचे होते. त्यांनी दोर जरा लवकर सोडला असता, तर ते चालणं न राहता धावणं झालं असतं. अडवून धरला असता, तर पाऊल अर्ध्यावर लटकलं असतं. म्हणजे त्या चालीची लय चालणाऱ्याची जितकी, तितकीच दोर सोडणाऱ्यांची होती. पुढे २०१० मध्ये न्यू यॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयाच्या भिंतीवर ही रचना पुन्हा सादर झाली, तेव्हा एलिझाबेथ स्ट्रेब आणि स्टीफन पेट्रोनिओ हे दोन नामांकित नृत्यदिग्दर्शक हौसेने भिंतीवरून चालले. ब्राऊन २०१७ साली गेल्या. त्यांचं ते साधं चालणं आज या कलेचा श्रीगणेशा मानलं जातं.

गच्चीवरची माणसं

दोर बांधणाऱ्या या माणसांना 'रिगर' म्हणतात. सह्याद्रीतले सुळके चढणारी आपल्याकडची मुलं 'बिले देणं' हा शब्द सहज वापरतात. वर चढणाऱ्याचा दोर खालच्याने किंवा वरच्याने सांभाळायचा, ताण ओळखून सोडायचा-धरायचा, आणि लक्ष क्षणभरही दुसरीकडे जाऊ द्यायचं नाही, हे बिले देणाऱ्याचं काम. रिगरचं काम त्याच्याही पुढचं. इमारत पाहायला तो नाचणाऱ्यांच्या आधी जातो. दोर कशाला बांधायचा? गच्चीवरच्या लोखंडी तुळईला, की खांबाला? त्यांची ताकद किती? कठड्याची कड धारदार आहे का? असेल तर दोर तिच्यावर घासू नये म्हणून खाली काय घालायचं? वारा कुठून येतो? काचा कुठे आहेत? एखादी नर्तिका अधांतरी अडकलीच, तर तिला किती मिनिटांत आणि कुठल्या वाटेने सोडवायचं? पट्ट्यात निपचित लटकून राहणं शरीराला फार वेळ सोसत नाही. पायांतलं रक्त साकळू लागतं. म्हणून सुटकेचा बेत नाच बसवण्याच्या आधी ठरतो.

या प्रश्नांची उत्तरं मिळाल्यावर नृत्यदिग्दर्शक कामाला लागतो. नाचणारी डावीकडे किती फूट धावू शकेल, दोघी हात धरून एकत्र उडी मारू शकतील का, हे दोर कुठे बांधले आहेत त्यावर ठरतं. दोन दोर जवळ बांधले, तर दोघींना एकमेकींना मिठी मारता येईल. लांब बांधले, तर हात जेमतेम टेकतील. मग नृत्याचा आराखडा कुणाचा म्हणायचा? जाणते लोक सांगतात, दोघांचा. म्हणूनच या क्षेत्रात नाचणारा आणि दोर बांधणारा यांच्यामधली भिंत पातळ असते. बँडलूपचे कार्यकारी संचालक म्हणून काम पाहिलेले थॉमस कॅव्हानॉ हे स्वतः रिगर. आपल्याकडे एखाद्या नाटक कंपनीचा कारभार नेपथ्यवाल्याच्या हाती दिल्याचं किती वेळा ऐकलं आहे?

बंद सभागृहात एक आणखी मजेदार प्रकार असतो. छताला कप्पी, कप्पीवरून दोर. दोराच्या एका टोकाला नर्तिका आणि दुसऱ्या टोकाला वाळूची गोणी नव्हे, चक्क दुसरा माणूस! तो खाली आला, की ती वर जाते. तो चढला, की ती उतरते. विहिरीवरच्या कप्पीचंच तत्त्व हे. प्रेक्षकांना दिसतं, ती पाखरासारखी वर गेली. पडद्यामागे मात्र कुणीतरी शिडीवरून वर-खाली करत घामाघूम झालेला असतो. तिचा वेग हा खरं तर त्याच्या पायांचा वेग. तो दमला, तर तीही दमल्यासारखी दिसते.

लय कुणाच्या हातात?

आपल्या कथक-भरतनाट्यमच्या जाणकारांना विचार करायला लावील, अशी एक गोष्ट इथे आहे. आपल्याकडे लय तबलजीच्या किंवा मृदंगवाल्याच्या हातात. भिंतीवरच्या नृत्यात ती असते दोराच्या लांबीत!

शाळेत शिकलेला लंबक आठवतो ना? लंबकाला एक झोका पुरा करायला लागणारा वेळ त्याच्या वजनावर अवलंबून नसतो, तर लांबीवर असतो. भिंतीवरची नर्तिका म्हणजे एक भलामोठा लंबकच. वरच्या बांधणीपासून तिच्यापर्यंत दहा मीटर दोर असेल, तर भिंतीला रेटा देऊन बाहेर जाऊन परत यायला तिला सुमारे तीन सेकंद लागतील. चाळीस मीटर दोर असेल, तर सहा सेकंद. नव्वद मीटर असेल, तर साडेनऊ. तिने कितीही जोर लावला, तरी या आकड्यांत फारसा फरक पडत नाही. ती लांब जाईल, लवकर येणार नाही. आता गंमत बघा. तालमीच्या हॉलमध्ये छोट्या दोरावर बसवलेला नाच प्रत्यक्ष इमारतीवर गेला, की आपोआप विलंबित होतो. शिवाय नर्तिका वरून खाली उतरत असेल, तर दोर लांबत जातो, म्हणजे लय नाचता नाचताच बदलत राहते.

अशा वेळी संगीतकाराने काय करावं? आधी धून बांधून नाचणाऱ्यांना 'बसवा यावर' म्हणून हुकूम सोडणं इथे चालत नाही. त्याला रिगरला विचारावं लागतं, दोर किती? संगीतकार, रिगर आणि नृत्यदिग्दर्शक यांना एका टेबलाशी बसावंच लागतं, मग त्यांचं एकमेकांशी पटो न पटो.

याचा एक सुंदर फायदाही आहे. वजनाचा लयीशी संबंध नसल्याने पन्नास किलोची मुलगी आणि ऐंशी किलोचा गडी एकाच झोक्यात, एकाच क्षणी भिंतीवर परत येतात. अट एकच, दोर सारखे हवेत. हातभर कमी-जास्त झाले, तरी आठ-दहा उड्यांनंतर दोघांची ताटातूट होऊ लागते. ते सारखे ठेवण्याचं काम पुन्हा गच्चीवरच्याचं.

आणि नाचणाऱ्याला स्वतःचं काहीच दिसत नाही, हेही लक्षात घ्या. आरसा नाही. भिंत पायाखाली, प्रेक्षक डोक्याच्या दिशेला खाली कुठेतरी. आपली रेघ सरळ आहे की वाकडी, हे खालून बघणारा सहकारीच सांगू शकतो. 'माझं मला कळतं' असं म्हणणाऱ्या कलावंताची इथे फार काळ डाळ शिजत नसावी.

एक कडी

इथवर वाचून कुणाला वाटेल, की हे सगळं एकमेकांवरच्या विश्वासाचं गोड प्रकरण आहे. तसं नाही. या मंडळींचा विश्वास भावनेवर कमी आणि तपासणीवर जास्त असतो. आपला पट्टा आपणच बांधून, आपणच तपासून कठड्यापलीकडे जायचं नाही, हा गिर्यारोहणातून आलेला दंडक. दुसऱ्याने येऊन प्रत्येक बक्कल, प्रत्येक गाठ हाताने चाचपून बघायची. दहा वर्षं सोबत नाचणाऱ्या मैत्रिणीचीही. तिने रागवायचं नाही. उलट कुणी तपासलं नाही, तर रागवायचं.

हे कशासाठी, ते ४ मे २०१४ रोजी अमेरिकेतल्या प्रॉव्हिडन्स शहरात दिसलं. रिंगलिंग ब्रदर्स या प्रसिद्ध सर्कशीच्या खेळात आठ तरुणी एका चौकटीला केसांनी लटकून झुंबरासारखी रचना करत होत्या. वरची एकच कडी तुटली आणि आठही जणी पंधरा-वीस फुटांवरून खाली कोसळल्या. त्या वाचल्या, पण कुणाच्या मणक्याला, कुणाच्या हातापायांना गंभीर दुखापती झाल्या. कामगार सुरक्षा खात्याच्या चौकशीत निष्पन्न झालं, की बनवणाऱ्याच्या सूचनांच्या विरुद्ध, चुकीच्या पद्धतीने त्या कडीवर भार टाकला होता. मालक कंपनीला दंड झाला सात हजार डॉलर. कायद्यात त्याहून जास्त बसत नव्हता म्हणे!

ही कडी म्हणजे 'कॅराबिनर', गिर्यारोहकांच्या कमरेला लटकलेली दिसते ती. तिची करामत समजून घेण्यासारखी आहे. साधारण चांगली कडी लांबीच्या दिशेने सव्वादोन टनांच्या आसपास ओढ सोसते. पण तीच जराशी फिरून आडवी झाली आणि ओढ रुंदीच्या दिशेने आली, तर तिची ताकद एक तृतीयांशावर येते. कडी तीच, भार तोच, फक्त दिशा बदललेली. ते खालून दिसत नाही, नाचणाऱ्यालाही दिसत नाही. ते बघायला वर कुणीतरी लागतं, आणि त्या कुणीतरीने रोज, शंभराव्या प्रयोगालाही, पहिल्याइतक्याच संशयाने बघावं लागतं.

सहज मनात येतं, आपल्या मुंबई-पुण्या-बंगलोरच्या काचेच्या टॉवरांवर दोराला लटकून काचा पुसणारी मुलं असतात. हाच दोर, हाच पट्टा, हीच कडी. त्यांची बक्कलं कोण तपासतं?

वाट बघणाऱ्या बायका

ओकलंडच्या समोर, खाडीपलीकडे, सॅन फ्रान्सिस्कोमध्ये 'फ्लायअवे प्रॉडक्शन्स' हे दुसरं पथक आहे. जो क्रायटर यांनी ते १९९६ साली काढलं. बँडलूपचा जीव डोंगर आणि आकाश यांत रमतो. फ्लायअवेचा शहरातल्या माणसांच्या, विशेषतः बायकांच्या सुखदुःखात. भिंतीवर, पोलादी सांगाड्यांवर, दोरांवर नाचायचं, पण उघड्यावर, रस्त्यालगत, येईल त्याला फुकट बघता येईल असं.

२०१९ मध्ये त्यांनी 'द वेट रूम' हा प्रयोग केला. वेट रूम म्हणजे तुरुंगातला भेटीचा प्रतीक्षा कक्ष. ज्यांचा नवरा, मुलगा, भाऊ किंवा बाप आत आहे, अशा बायकांचं ते जग. अमेरिकेत सुमारे वीस लाख माणसं तुरुंगात असतात. तिथल्या 'एसी जस्टिस ग्रुप' या स्त्रियांच्या संघटनेने २०१८ च्या अहवालात म्हटलं होतं, की दर चार स्त्रियांमागे एकीचं जवळचं कुणीतरी तुरुंगात आहे. क्रायटर यांना हे अहवालातून कळलं नव्हतं. त्यांचा स्वतःचा नवरा तुरुंगात होता. मूल घरी, नवरा आत आणि भेटीच्या दिवसाची वाट, हे त्या जगलेल्या होत्या. बहुतेक माणसं अशी गोष्ट शेजाऱ्यांपासूनही लपवतात. क्रायटर यांनी ती चौकात मांडली. पण एकटीची गोष्ट म्हणून नाही.

अशा इतर बायकांना बोलतं केलं गेलं. त्यांचे ध्वनिमुद्रित आवाज पामेला झी या संगीतकार बाईंकडे गेले. माणसाच्या बोलण्याचे तुकडे घेऊन त्यांतूनच संगीत बांधण्यात त्यांची हयात गेली आहे. नेपथ्य आणि दोरांची व्यवस्था शॉन रायली यांची. ते अनेक वर्षं क्रायटर यांच्यासोबत आहेत. रंगमंच उभारणारा आणि दोर बांधणारा इथे एकच माणूस, हे विशेष. मग आल्या नर्तिका. म्हणजे बघा, बोलली एक, ते सुरांत बांधलं दुसरीने, लटकायला पोलाद दिलं तिसऱ्याने, आणि अंगावर घेतलं चौथीने. अधांतरी लटकणं, ना वर ना खाली, हा तर त्या बायकांचा रोजचाच अनुभव. त्यासाठी वेगळा अभिनय लागला नसेल. हवेत नाच करण्याला काही कारण हवं असेल, तर याहून चोख कारण आम्हांला तरी सुचत नाही. नुसत्या उंचीचं कौतुक पाच मिनिटांत ओसरतं.

या विषयावर फ्लायअवेने तीन प्रयोग केले. दुसरा २०२१ सालचा. त्यात क्रायटर यांच्या बरोबरीने काम करणारे लेखक रसान थॉमस तेव्हा सॅन क्वेंटिनच्या तुरुंगात शिक्षा भोगत होते. भिंतीवर नाच चालला होता आणि तो घडवणाऱ्यांपैकी एक जण दुसऱ्याच भिंतींच्या आत होता. थॉमस २०२३ मध्ये सुटले.

आपल्याकडचा दोर

दोरावरची कसरत मराठी माणसाला नवी नाही. दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या काळात बाळंभट्टदादा देवधरांनी मल्लखांब पुन्हा नावारूपाला आणला. त्यातला दोरीचा मल्लखांब आजही शाळा-शाळांतून मुली करतात. सुती दोर, एकही गाठ नाही, पट्टा नाही, कडी नाही. पायाच्या अंगठ्याच्या आणि शेजारच्या बोटाच्या बेचक्यात दोर धरून मुलगी सरसर वर जाते. फेब्रुवारी २०१९ मध्ये दादरच्या शिवाजी पार्कवर मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा भरली, तेव्हा परदेशी खेळाडूही याच मातीत उतरले. त्यामागे ज्यांची दशकांची मेहनत होती, त्या उदय देशपांडे यांना २०२४ मध्ये पद्मश्री मिळाली. मात्र दोरीच्या मल्लखांबात दोर एकटीचा. तिची पकड हीच तिची कडी. भिंतीवरच्या नृत्याशी त्याचं नातं शरीराचं आहे, पद्धतीचं नाही.

पद्धतीचं नातं शोधायचं, तर मुंबईच्या वेशीवर भाईंदर-नायगावकडे जावं लागेल. तिथल्या गरीब वस्त्यांतल्या मुलांचा 'व्ही अनबीटेबल' हा नृत्यगट. इथे दोरच नाही. मुलगा हवेत फेकला जातो, कोलांट्या घेतो आणि खाली उभ्या असलेल्या साथीदारांच्या हातांत येतो. टाळ्या उडणाऱ्याला पडतात. पकडणाऱ्यांची प्रेक्षकांकडे बहुधा पाठच असते. २०१९ च्या 'अमेरिकाज गॉट टॅलेंट' स्पर्धेत हा गट चौथा आला आणि २०२० मध्ये त्याच कार्यक्रमाची विजेत्यांची स्पर्धा त्याने जिंकली. अमेरिकेतल्या प्रेक्षकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या.

त्याच्या काही वर्षं आधी, नाव झालेलं नव्हतं तेव्हा, तालमीत त्यांचा एक साथीदार पडला. अंग लुळं पडलं आणि काही दिवसांतच तो गेला. मुलांच्या घरच्यांनी साहजिकच नाच थांबवायला सांगितलं. मुलं थांबली, आणि मग पुन्हा तालमीला लागली. त्या मुलाचं नाव विकास होतं. गटाच्या नावातला 'व्ही' त्याचा आहे.